पुढचं लाकूड

गुरुजी, तुमच्या तेरवीच्या पंगतीत मी जेवलोच नाही. पानावर बसलो, वरण-भात कालवला आणि उठलो. वहिनींनी, म्हणजे तुमच्या सुनेनं, ते पाहिलं. हात धुवायला गेलो तर त्या मागून आल्या आणि एक जाड वही माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "बाबा म्हनत होते, हे भोजूले देजो. दुसऱ्या कोनाच्या कामाची नाही." मी वही पिशवीत टाकली आणि तुमच्या नागऱ्याहून थेट घर गाठलं. उघडायची हिंमत झाली नाही. तुम्ही माझ्यावर रागावूनच गेले, अशी माझी पक्की समजूत होती. रागावायला तुम्हाला कारणही मीच दिलं होतं.

आपल्यात भांडण एकच होतं, आणि ते एका बंदुकीवरून होतं. माझ्या बापाची दुनळी. फ्रान्सची, बारा बोअरची, भिंतीवर टांगलेली. तुम्ही म्हणायचे, ती जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातली आहे, आजचं जास्त जोराचं काडतूस घातलं तर डावी नळी फुटेल. मी म्हणायचो, काहीतरीच, ती नंतरची आहे, बिनधुराच्या दारूसाठीच बनलेली आहे आणि ठणठणीत आहे. सोळा-सतरा वर्षं आपण हेच दळण दळलं. बंदुकीतलं जे काही मला येतं ते सगळं तुमच्याकडून आलं, पण या एका बंदुकीवर मी तुमचं कधी ऐकलं नाही आणि तुम्हीही कधी माघार घेतली नाही.

तुमची शाळा आठवते ना? जिल्हा परिषदेची म्हणत नाही मी, तिथं तर तुम्ही भूगोल शिकवत होते. मी म्हणतो ती ठाण्यासमोरच्या चहाटपरीवरची. निवडणूक आली, आचारसंहिता लागली, की तालुक्यातल्या सगळ्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. डुकरं हाकलायला म्हणून धानाच्या पट्ट्यात घरोघरी मालगुजारीच्या काळातल्या बंदुका. कोणी चादरीत गुंडाळून आणायचा, कोणी बायकोच्या जुन्या लुगड्यात, एकानं तर शिवलेल्या उशीच्या खोळीत आणली होती. दरवाजापासून टपरीपर्यंत रांग लागायची. हवालदाराला नळीवरची परदेशी अक्षरं वाचता यायची नाहीत, म्हणून पावतीवर वर्णन लिहायला तो तुम्हाला हाक मारायचा. तुम्हाला तेच हवं असायचं. गाठोडं सुटायच्या आधी तुम्ही चहाला हात लावायचे नाही. बुटाच्या लेसला बांधलेलं भिंग गळ्यात, तोंडात बडीशेप, आणि मी तुमच्या शेजारी कागद-पेन्सिल घेऊन.

मालकाची गोष्ट आधी ऐकायची नाही, हा तुमचा पहिला नियम. कारण गोष्ट सगळ्यांची एकच. इंग्रज साहेब शिकारीला आला होता, आजोबानं त्याला वाघ दाखवला, साहेबानं खुश होऊन बंदूक दिली. तुम्ही गंभीर चेहरा करून ऐकून घ्यायचे आणि नंतर माझ्या कानात म्हणायचे, आपल्या जिल्ह्यात जितक्या बंदुका साहेबांनी वाटल्या तितके साहेब हिंदुस्थानात आलेच नाहीत. मी हसलो की चिमटा बसायचा. "भोजू, तू बंदूक पाहून राहिला का मालकाचं तोंड?"

मग तुम्ही ती मोडायचे, म्हणजे सुटी करायचे. पुढचं लाकूड, म्हणजे नळ्यांखाली डाव्या हातात धरायचं ते, आधी काढायचं, मग नळ्या उतरवायच्या. नळ्या एका बोटावर लोंबत्या धरून नखानं टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखी वाजली तर सांधा धड, भद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधला झाळ सुटलेला. मग उजेडाकडे धरून आतून पाहायचं, सावलीची कडी गोल आहेत की कुठं वाकली. मग तुमची ती बांबूची कामटी, पासष्ट आणि सत्तर मिलिमीटरवर ब्लेडनं खुणा केलेली, काडतुसाच्या घरात सोडायची. जुन्या फ्रेंच बंदुकीचं घर पासष्टचं. आजचं काडतूस सत्तरचं. ते पासष्टच्या घरात जातंही बरोबर, आणि तिथंच माणूस फसतो, कारण उडताना त्याला तोंड पसरायला जागाच नसते. हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलं की माझी बायको झोपेतही म्हणून दाखवेल.

आणि सगळ्यात शेवटी नळ्यांचं पोट, म्हणजे खालची बाजू. बाहेरून नक्षी कितीही असू दे, खरं वय पोटावर लिहिलेलं असतं, असं तुम्ही म्हणायचे. तिथं कारखान्याच्या गावाच्या चाचणीघराचे शिक्के. मुगुट, त्याखाली आडव्यातिडव्या दोन झावळ्या, त्यावर सेंट एटिएन हे नाव. तुम्ही शाळेचा अ‍ॅटलास आणून ते गाव मला दाखवलं होतं. कोळसा, फिती आणि बंदुका, म्हणाले होते, आपल्या गोंदियात जसं तांदूळ आणि विडी. मुगुटाखाली पी आणि टी ही दोन अक्षरं दिसली तर बंदूक बिनधुराच्या दारूवर तपासलेली. नसली तर काळ्या दारूची समजायची आणि हात जोडून भिंतीवर टांगायची. घराची लांबी गोलात कोरलेली. या खुणांवर पातळ कागद ठेवून तुम्ही पेन्सिल आडवी घासायचे आणि ठसा कागदावर उमटायचा. प्रत्येक बंदुकीचा ठसा घ्यायचे. एवढ्या ठशांचं करता काय, असं मी विचारलं तर म्हणायचे, माणूस खोटं बोलतो, भोजू, लोखंड नाही बोलत.

या तुमच्या वाक्याचा अर्थ मला आता लागला.

ज्या वर्षी आई गेली तो उन्हाळा. मी एकोणीसचा. आमचं गाव बिरसीच्या पल्याड, आता तिथं शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात, तेव्हा चिटपाखरू नव्हतं. आईच्या तेरवीनंतर माझे बाबा दुपार कलली की बंदूक मांडीवर घेऊन अंगणात बसायचे. विचारलं तर सांगायचे, डुकरं येतात. मी मान डोलावून बैलांना पाणी दाखवायला निघून जायचो. आमच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, उघड्या पडल्या होत्या, भेगा गेल्या होत्या, एक पेंडी उभी नव्हती. डुकरं काय माती खायला येणार होती? एकोणीस वर्षांच्या घोड्याला हे कळू नये? नाही कळलं. मला वाटलं, म्हातारा थोडा भ्रमिष्ट झाला, होईल बरा.

तेरवीला तुम्ही बाहेरगावी होते म्हणून चार दिवसांनी सायकलवर भेटायला आले. बाबा आणि तुम्ही जुने दोस्त. तुम्ही अंगणात उभं राहून आधी बाबांकडे पाहिलं, मग मागं वळून उघड्या शेताकडे पाहिलं. बाबांनी त्या बंदुकीबद्दल वीस वर्षांत तुम्हाला कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "गुरुजी, हे अजून चालते ना बराबर?"

तुम्ही म्हणाले, पाहून सांगतो. मला चहा ठेवायला आत पाठवलं. चहा घेऊन आलो तेव्हा बंदूक मोडलेली होती, तुम्ही भिंग पुसत होते, आणि बाबांना खड्या आवाजात सांगत होते की ही फार जुनी आहे, हिच्यात आजचं काडतूस घातलं तर डावी नळी फुटेल. बाबांनी नुसतं हसल्यासारखं केलं. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलं. "तुझं सोड. हा पोरगा सावलीसारखा बाजूला राहते. नळी फुटली तं पहिला याचा डोळा जाईल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे पाहिलं, गुरुजी. मग बंदूक तुमच्याकडे सरकवली. तुम्ही पुढचं लाकूड वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकलं, म्हणाले, चिरलंय, दुरुस्त करून आणतो. आमची बंदूक बिनघोड्याची, म्हणजे घोडे आत लपलेले. पुढचं लाकूड नसलं तर ते चढतच नाहीत, बार उडत नाही, नुसती लोखंडाची काठी. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला आणि बाबांना दोघांनाही ठाऊक होतं.

लाकडाला तुम्ही पाच महिने लावले. बाबा नागऱ्याच्या बाजाराला जायचे, तुमच्याकडे बसायचे, लाकूड झालं का विचारायचे, तुम्ही म्हणायचे गोंद सुकला नाही. पावसाळ्यात कुठला गोंद सुकतो, असं म्हणून दोघं हसायचे आणि बाबा जेवून परत यायचे. त्या साली धानाची रोवणी त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतली.

दसरा आला. शस्त्रपूजेला बंदूक चकाकली पाहिजे, बाबांना बरं वाटेल, म्हणून मी गोंदियाहून पॉलिश पेपर आणला आणि सकाळपासून नळ्या घासल्या. वरून घासल्या, बाजूनं घासल्या, उलट्या करून पोटही घासलं. तिथले ते काळपट ओरखडे म्हणजे मला मळ वाटला. आरशासारखं केलं. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी तुम्ही सोनं द्यायला आले, पिशवीत ते लाकूड. नळ्या उलट्या करून पाहिल्या, भिंग लावून पुन्हा पाहिल्या. सगळे शिक्के गेले होते. मुगुट नाही, झावळी नाही, अक्षर नाही. मला वाटलं, आता मुस्काटात बसते. गंजलेल्या एका स्क्रूसाठी तुम्ही लोकांचे बाप काढायचे. आणि तुम्ही माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवून म्हणाले, "जाऊ दे. झालं ते बरं झालं."

ही माया मी जन्मभर विसरलो नाही. त्याच अपराधापोटी तर मी तुमच्या मागं लागलो, शिकवा म्हणून. जगातल्या सगळ्या बंदुकांची ओळखपत्रं वाचायला शिकलो, का, तर आमच्या बंदुकीचं मी फाडून टाकलं होतं म्हणून.

पण शिकलो आणि शहाणा झालो, तिथं घोळ झाला. बाबा गेले. त्या उन्हाळ्यानंतर चौदा वर्षं जगले, माझं लग्न पाहिलं, नातीला खांद्यावर घेऊन नागऱ्याच्या शिवरात्रीची जत्रा दाखवली, आणि अंथरुणावर, झोपेत गेले. बंदूक माझ्या परवान्यावर आली. मी कामटी घातली तर घर सत्तरचं. पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळ्यांचा मागमूस नाही, साधं सपाट पोलाद. वर बिनघोड्याची, म्हणजे नंतरच्या काळातली. मी धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही ढिम्म. घर मागाहून कोण्या मिस्त्रीनं वाढवलं असेल, म्हणाले, मग तर नळी अजून पातळ झाली, अजून धोका. बिनघोड्याच्या काळ्या दारूच्याही होत्या सुरुवातीला. शिक्के दाखव, मग मानतो. शिक्के कुठून दाखवू? ते तर मीच घासून खाल्ले होते. दरवेळी वाद तिथंच येऊन अडायचा. तुम्ही बडीशेप पुढं करायचे.

मागच्या निवडणुकीला मात्र माझं डोकं फिरलं. रांग लागलेली, सगळी ओळखीची माणसं. माझ्या बंदुकीची पाळी आली आणि तुम्ही हवालदाराला दरवेळसारखं सांगितलं, लिहा, जुनी, वापरात नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "गुरुजी, तुमची नजर गेली आता. या बंदुकीत तुम्ही पहिल्या दिवशीच चुकले, आन कबूल करायची हिंमत नाही तुमच्यात." टपरीवर कोणीतरी फिदीफिदी हसलं. तुम्ही भिंग सदऱ्यात टाकलं. चहा संपवला, कप जागेवर नेऊन ठेवला, आणि काळी-पिवळी जीपमध्ये बसून निघून गेले. माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तरी चाललं असतं.

मी आलो नाही त्यानंतर. येईन येईन म्हणत धान कापणी झाली, मग चुरणी, म्हणजे मळणी झाली. तुम्ही आजारी आहात हे कळलं तेव्हाही म्हटलं, सोमवारी जाऊ. सोमवारी तुमचीच बातमी आली. गुरुजी, मी तुमच्या पाया पडायला आलो तेव्हा पाय थंड होते.

वही मी तुमच्या तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी उघडली. पानापानावर ठसे, खाली तुमचं मास्तरी अक्षर, गाव, मालक, आणि निकाल. उत्तम. मध्यम. भिंतीची. मालक खोटारडा, बंदूक खरी. हसत हसत पानं उलटत होतो आणि बाबांचं नाव आलं.

गुरुजी, तुम्ही त्या दिवशी ठसा घेतला होता. मी आत चहा ठेवत होतो तेव्हा. मुगुट स्वच्छ. झावळ्या स्वच्छ. मुगुटाखाली पी आणि टी. गोलात बारा आणि सत्तर. खाली आईच्या तेरवीनंतरच्या चौथ्या दिवसाची तारीख आणि निकालाच्या जागी एवढंच:

"बंदूक चांगली आहे. लाकूड घेऊन आलो."

आणि त्याखाली दुसऱ्या शाईत, दसऱ्याच्या तारखेला:

"लाकूड परत दिलं. आज पोटभर जेवला."

मी वही तशीच छातीशी धरून बसून राहिलो. बायको विचारते काय झालं. माझा बाप त्या उन्हाळ्यात स्वतःला संपवायला बसला होता. मी त्याच घरात होतो, त्याच्या ताटात वाढत होतो, मला दिसलं नाही. तुम्ही सायकल भिंतीला टेकवायच्या आत पाहिलं. आणि मी कोणाला म्हणालो, तुमची नजर गेली?

मी बरोबर होतो, गुरुजी. इतकी वर्षं मी बरोबर होतो, आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून ते माहीत होतं. दसऱ्याला मी शिक्के घासून टाकले तेव्हा तुम्हाला हायसं वाटलं असेल. झालं ते बरं झालं. आता कोणी बाबांना दुसरं सांगू शकणार नव्हतं, मीही नाही.

पण बाबा गेल्यावर काऊन नाही सांगितलं? हे मी रोज तुम्हाला विचारून राहिलो. बांधावर चालताना विचारतो, डोक्यावरून विमान जातं, त्याच्या आवाजात मोठ्यानं विचारतो. सांगितलं असतं तर एका वाक्यात भांडण मिटलं असतं. "भोजू, बंदूक नवी आहे." बस. पण मग मी विचारलं असतं, खोटं का बोलले? आणि तुम्हाला माझ्या बापाचं ते अंगण माझ्यासमोर उघडं करावं लागलं असतं. ते तुम्ही केलं नाही. त्यापेक्षा चार लोकांत माझ्याकडून आंधळे म्हणवून घेतलं आणि कप जागेवर नेऊन ठेवला. वही तेवढी माझ्या हाती दिली, तुम्ही नसताना आणि मी पन्नाशीचा झाल्यावर. आता सोसेल याला, असं वाटलं असेल. सोसत नाही, गुरुजी. तुम्ही समोर पाहिजे होते. एकदा, टपरीच्या त्या बाकावर. मी काही बोललो नसतो. नुसतं बडीशेप मागितली असती.

परवा पुन्हा आचारसंहिता लागली. मी बंदूक चादरीत गुंडाळून ठाण्यावर गेलो. रांग होती. तुमच्या जागेवर कोणी बसलं नव्हतं, बाक रिकामाच ठेवला होता लोकांनी. हवालदार म्हणाला, भोजराजभाऊ, आता तुम्हीच सांगा अक्षरं, गुरुजी तं नाही. मी सगळ्यांच्या पाहून दिल्या. नखानं टिचकी मारली, कामटी घातली, दोघांच्या साहेबांच्या गोष्टी ऐकल्या. कानात सांगायला कोणी नव्हतं.

शेवटी माझी. त्यानं पेन उचललं आणि हसला. "मागच्या टायमाले तं तुमी भांडून राहिले होते. आता लिहू ना, चालू हाये म्हनून?"

मागं तीच माणसं उभी होती. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "गुरुजी सांगत होते तेच लिहा. त्यांची नजर बरोबर होती."

त्यानं लिहिलं. जुनी, वापरात नाही. मी खाली सही केली.